चालू हाय काय गं?

गाडी चालूच होती. अण्णांनी पुन्हा चावी फिरवली आणि बॉनेटखालून खर्रर्र असा, दातावर दात घासावा तसा आवाज आला. गॅरेजच्या दारात फडक्याला हात पुसत उभे असलेले मेस्त्री, त्यांच्या हाताखालचा पोरगा, शेजारच्या लेथवर वाकलेला माणूस, सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. स्टार्टरचं दातेरी चाक फिरत्या फ्लायव्हीलवर आपटलं की असा आवाज येतो, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात, या कारखान्यांच्या वस्तीत, तो न ओळखणारा माणूस मिळायचा नाही. अण्णांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "चालू हाय काय गं?"

मी मान हलवली. नवा सायलेन्सर लावून गाडी नुकतीच गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावरून बाजूला घेतली होती आणि इंजिन इतकं शांत चाललं होतं, की त्या क्षणापर्यंत मी मनातल्या मनात खूश होते. दोन आठवड्यांची धावपळ सार्थकी लागली असं वाटत होतं. मेस्त्रींनी काही न बोलता खिडकीपाशी येऊन अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं. मला ते कळायला रात्र व्हावी लागली.

संक्रांतीला मी कोल्हापूरला गेले होते. पुण्यात मी 'आले, गेले' म्हणते. ताराराणी चौकात बसमधून पाय खाली टेकला की 'आलो, गेलो' आपोआप सुरू होतं, आणि आईला तेवढ्यावरून कळतं की पोरगी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच होते. खाली बोळात अण्णांनी गाडी सुरू केली आणि टिक-टिक-टिक-टिक असा शिवणयंत्रासारखा आवाज भिंतीवरून चढत माझ्या खिडकीपर्यंत आला. पाचेक मिनिटांत तो विरत गेला. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा असेल असं म्हणून मी कूस बदलली. पण टॅपेटचा आवाज सहसा असा विरत नाही. गार असताना येतो आणि इंजिन तापलं की जातो तो आवाज बहुतेक वेळा धुराच्या जोडातल्या पॅकिंगमधून निसटणाऱ्या गॅसचा. लोखंड तापून फुगतं, फट मिटते आणि आवाज थांबतो. हे मला माहीत होतं. लहानपणी अण्णांनीच शिकवलं होतं. तरी मी कूस बदलली.

मग त्यांच्याबरोबर लक्ष्मीपुरीत भाजीला गेले. दुसऱ्या गिअरमध्ये गाडीच्या पोटातून घुमणारा एक जाड आवाज येत होता, आतला आरसा थरथरत होता. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तशी आईनं काच खाली केली आणि पदर नाकाला लावला. "पित्त उसळलंय," म्हणाली. मंडईतनं आलं की डोकं धरतं, दुपारपर्यंत उतरतं, असं दिवाळीपासून चाललं होतं. अण्णांचंही डोकं दुखायचं. त्यांनी बीपी तपासून घेतलं, साखर तपासली, चष्म्याचा नंबर बदलला. आईनं कोकम सुरू केलं होतं. गाडीकडं कुणीच बघितलं नव्हतं, कारण गाडीच्या डॅशमध्ये पीयूसीचा ताजा कागद होता. पण पीयूसीची नळी घालतात ती अगदी मागं, शेपटीत. त्याच्या आधी वाटेत कुठं फुटून जे बाहेर पडतं, ते त्या कागदावर उमटत नाही.

"अण्णा, सायलेन्सर फुटलाय गाडीचा. ऐकू येत नाही काय तुम्हाला?"

बोलून गेले आणि जीभ चावली. अण्णांनी मात्र शांतपणे उत्तर दिलं, "येतोय की आवाज. चांगला येतोय."

अण्णांनी ३२ वर्षं इंजिनं तपासली. उद्यमनगरात तेव्हा ऑइल इंजिनं जोडणाऱ्या शेड ओळीनं होत्या. त्यातल्या एकीत ते टेस्टिंगला होते. नदीकाठी उसाला पाणी उपसणारी ती काळी, जड, एका सिलिंडरची इंजिनं. मिनिटाला ६५० फेरे, दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे सेकंदाला पाचेक ठोके. जोडून झालेलं प्रत्येक इंजिन अण्णांच्या पुढ्यात यायचं, तासन् तास चालायचं, आणि मग रंगाला जायचं. शेडच्या भिंतीतून धुराचे पाइप बाहेर काढलेले असायचे. त्यांच्या तोंडाला सायलेन्सर असा नव्हताच, नुसते पाइप. शाळा सुटली की मी डबा परत न्यायला तिथं जायची, तेव्हा छातीच्या फासळ्यांत ते ठोके जाणवायचे. अण्णा कानात कापसाचे बोळे घालून उभे असायचे. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि बेअरिंगचं बोलणं ऐकायचे. आणि बाहेर भिंतीशी जाऊन, पाइपच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तळहात धरायचे. पाच ठोक्यांतला एखादा चुकला तर कानाआधी हाताला कळतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा मलाही हात धरायला लावला होता. गरम, ओलसर फुंकर हातावर आपटत होती, कुणी मोठं जनावर धापा टाकत असावं तशी. डिझेलचा वास दोन दिवस गेला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख मी बघितलाय. जाड, खर्जातल्या आवाजांपाशी रेघ बऱ्यापैकी सपाट चालते आणि ४००० हर्ट्झच्या अलीकडं एकदम खाली कोसळते, पन्हाळ्याचा कडा उतरावा तशी. गोंगाटात आयुष्य गेलेल्या कानांची रेघ अशीच असते. आधी बारीक, वरच्या पट्टीतलं जातं. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या, 'स' आणि 'श' गेले, माझ्या लेकीचं बोलणं गेलं. ती फोनवर बोलते तेव्हा अण्णा नुसते हसत राहतात, कारण तिचा आवाज बारीक आहे. कानाचं यंत्र आणलं होतं. भांड्यांचे आवाज सुरीसारखे आत घुसतात म्हणून ते डबीत घालून कपाटात ठेवलंय.

म्हणजे त्या सकाळचा टिक-टिक त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण गाडीच्या पोटातला तो घुमणारा जाड आवाज? तो त्यांना येत होता. उरलेल्या कानानं जे ऐकता येतं, नेमकं त्याच पट्टीतला. हे मी तेव्हा जोडून बघितलं नाही.

हायवेकडच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आधी गेलो. तिथल्या मुलानं गाडी वर उचलली, टॉर्च मारली आणि पुढून मागपर्यंत सगळा सेट बदलायला सांगितला, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट. आकडा ऐकून आई म्हणाली, एवढ्यात जुनी गाडी येईल. अण्णांना आकडा ऐकू आला नसावा, पण त्यांनी एवढंच विचारलं, "हात लावून बघितलंस काय?" मुलानं हात लावला नव्हता. आम्ही परत फिरलो आणि अण्णांच्या ओळखीच्या मेस्त्रींकडं उद्यमनगरात आलो. खड्डा असलेलं गॅरेज आता तिथं फार थोड्यांकडं उरलंय. पत्र्याच्या छपरातून उन्हाचे कवडसे खड्ड्यात उतरत होते. ग्रीस, जळकं ऑइल आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांचा वास. अण्णांची चाल तिथं शिरताच बदलली. घरात ते भिंतीच्या कडेकडेनं चालतात. इथं मधून चालत गेले.

मेस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. तपास गार इंजिनावर करायचा, म्हणाले; तापलेल्या लोखंडाला खोटं बोलता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पोरगा मागच्या पाइपच्या तोंडाला जाड ओलं फडकं धरून बसला होता. इंजिन सुरू केलं. बाहेर जायची वाट अडली की आतला गॅस मिळेल त्या फटीतून जोर लावून निघतो, आणि जिथून निघतो तिथं सुस्कारा ऐकू येतो. मेस्त्री खड्ड्यात उतरून पुढून मागं सरकत गेले. पुढं, इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला पाइप मिळतो त्या जोडावर थांबले. मला खाली बोलावलं. जोडाच्या एका बाजूला काजळाचं बोट ओढल्यासारखा काळा पट्टा होता. फट कितीही बारीक असू दे, ती काजळी सोडून जाते. त्यांनी बाटलीतलं साबणाचं पाणी त्यावर मारलं आणि बुडबुडे उठले, एकामागून एक, मासा श्वास घेतो तसे.

"हितनं आत जातंय बघा ताई," मेस्त्री म्हणाले. "काका ब्लोअर लावत्यात का?" लावतात. एसीनं पाय दुखतात म्हणून अण्णा नुसता पंखा सुरू ठेवतात, आणि तो काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा ओढतो. गाडी पळत असली की वारा सगळं मागं नेतो. सिग्नलला उभी राहिली की बॉनेटखाली साचलेलं तेच आत येतं. जळक्या वासानं निदान काच तरी खाली करावीशी वाटते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं. खड्ड्यात उभी राहून मी ते बुडबुडे बघत होते आणि डोळ्यांपुढं आईचा नाकाला लावलेला पदर होता. तिच्या डोकेदुखीचं कारण हेच होतं असं कुणा डॉक्टरनं लिहून दिलेलं नाही. पण गाडी दुरुस्त झाल्यापासून कोकम लागलेलं नाही.

पेट्रोलही त्याच फटीतून चाललं होतं. गॅस सलग धारेनं न वाहता ठोक्याठोक्यानं येतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी फट उलटी बाहेरची हवा आत ओढते. पुढं बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, हवा जास्त झालीय, पेट्रोल कमी पडतंय. मग इंजिन पेट्रोल वाढवतं. लिटरला १५ देणारी गाडी १२ वर आली होती. अण्णा बिचारे दर वेळी दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरत होते.

मग मेस्त्री मागं सरकले. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं त्यांनी पाइपवर ठोकलं: टण्ण. कॅटवर, म्हणजे त्या कन्व्हर्टरवर, रबरी हातोडी हलकेच मारली आणि कान लावला. आतली मातीची जाळी फुटली असती तर खुळखुळली असती. ती शाबूत होती. "ह्याला हात लावायचा न्हाई. सोन्यापरास भारी हाय आत," म्हणाले. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. मुलामा अगदी पातळ, पण आहेच. आणि मग मागचा डबा, सायलेन्सरचा. त्यावर मूठ आपटली तर भद्द असा आवाज आला, ओल्या मडक्यासारखा. बाहेरून डबा चांदीसारखा चमकत होता. अण्णा दर दसऱ्याला त्याला घासून उष्णता सोसणारा चंदेरी रंग देत आले होते. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक शिवणीपाशी टेकवून नुसतं दाबलं आणि ते आत गेलं.

"मागचा मफलर कुजलाय," मेस्त्री खालून म्हणाले.

अण्णा वर बाकड्यावर बसले होते, कानांवरून तपकिरी लोकरी मफलर गुंडाळून. जानेवारीची थंडी होती. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

"गाडी पुरात हुती काय?" मेस्त्रींनी मला विचारलं. नव्हती. आमचं घर शुक्रवार पेठेत, पण राजाराम बंधाऱ्यापाशी नदीचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आलं की अण्णा ४३ च्या धोका पातळीची वाट बघत नाहीत, गाडी त्याच संध्याकाळी राजारामपुरीत मावशीच्या दारात जाऊन उभी राहते. २०१९ लाही गेली, २०२१ लाही गेली. घरात कमरेएवढं पाणी आलं तेव्हासुद्धा गाडीचं चाक ओलं झालं नव्हतं. मेस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग लांब जात न्हाई वाटतं गाडी."

पुढचं त्यांनी सोपं करून सांगितलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपानं ते बाहेर जातं, पण वाट गार असेल तर वाटेतच वाफेचं परत पाणी होतं आणि मागच्या डब्यात साचतं. त्यासाठी डब्याच्या बुडाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते चिखलानं बुजलं होतं. पाऊण तास चाललेली गाडी स्वतःला भाजून कोरडी करते. दहा मिनिटं चाललेली गाडी दर वेळी आणखी थोडं पाणी आत ठेवते, आणि त्या पाण्यात धुरातलं आम्ल उतरतं. घर ते मंडई, घर ते रंकाळा, घर ते दवाखाना. चंदेरी रंग बाहेरून लागत होता आणि लोखंड आतून जात होतं.

गाडी लांब का जात नव्हती, हे मेस्त्रींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पूर्वी ती जायची. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला, चैत्रात जोतिबाला, पाऊस लागला की गगनबावड्याला नुसतं धुकं बघायला. आई मागं डबे घेऊन बसायची आणि अण्णा घाटात इंजिनाच्या आवाजावर गिअर बदलायचे, गिअरकडं न बघता. मग डॉक्टरांनी तो आलेख दाखवला. मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि ऐकूच आला नाही तर, या विचारानं मी पुण्यात रात्री जागी राहू लागले. एका फोनवर मी सांगून टाकलं, "अण्णा, आता लांब गाडी काढायची नाही. गावात काय ते फिरवा. लांब जायचं असलं की मला सांगा, मी येतो, मी नेतो." अण्णा हो म्हणाले. वाद घातला नाही. मी वर्षातून चारदा आले असेन. त्यातही दोनदा सगळे झोपूनच होतो. गाडी दहा-दहा मिनिटं चालत राहिली आणि दर वेळी तिच्या पोटात ओंजळभर पाणी मागं राहत गेलं.

मेस्त्रींनी काढलेला डबा अण्णांनी खड्ड्याच्या कडेला मागवून घेतला. "काप," पोरग्याला म्हणाले. भंगारात जाणारी वस्तू कापून बघायचं काही कारण नव्हतं, पण पोरग्यानं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, पत्रा विलग झाला आणि आतून काळं पाणी वाहिलं. चहाच्या कपभर असेल. मागोमाग गंजाचे पापुद्रे, मूठ-मूठ, चिंचेच्या टरफलांसारखे. आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि मधले पडदे असतात. एका कप्प्यातून परतलेली आवाजाची लाट दुसरीवर आपटते, चढ उतारात मिसळतो, आणि पलीकडं पोचेतो दोघी निवलेल्या असतात. त्या कप्प्यांतला एकही पडदा उभा नव्हता. अण्णांनी चष्मा वर सरकवला, एका नळीचा तुकडा बोटांत घेतला. तो बोटांतच चुरला. ते बराच वेळ त्या कापलेल्या डब्याकडं बघत होते. मी त्यांना काही सांगायला जवळ गेले, पण नेमकं काय सांगायचं ते सुचलं नाही. फोनवरचं ते वाक्य माझ्या घशाशी आलं होतं, आणि ते मोठ्यानं बोलावं लागलं असतं, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

उरलेलं काम तसं लवकर झालं. पुढच्या जोडाचा एक नट गंजून एकजीव झाला होता. मेस्त्रींनी गॅसची ज्योत लावून तो लालभडक केला, तरी फिरवताना स्टड तुटलाच. मग तो भोक पाडून काढणं, नवे आटे पाडणं यात दीड तास गेला. नवं पॅकिंग, नवा डबा, डबा टांगून ठेवणारी तीन रबरं. जुनी रबरं चिरून च्युइंगमसारखी लांबली होती. सगळे मिळून ४,६०० रुपये झाले. पुन्हा फडकं धरून बघितलं, पुन्हा साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही. पोरग्यानं फडकं घट्ट दाबलं तसं इंजिन गुदमरून बंदच पडलं, आणि मेस्त्री समाधानानं म्हणाले, "आता कुठनं जाईल?"

आणि मग अण्णा गाडीत बसले. पोरग्यानं इंजिन सुरूच ठेवलं होतं.

त्या रात्री मला झोप लागेना. आठवत राहिली ती २०२२ सालची ६ मेची सकाळ. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून सकाळी दहाला सगळं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. मी त्या दिवशी घरी होते. आम्ही तिघं दसरा चौकात गेलो होतो. बसेस थांबल्या, रिक्षांची इंजिनं बंद झाली, उसाच्या रसाचं चाक थांबलं. इतक्या माणसांची शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. झाडावरचा कावळा सुद्धा लांबचा वाटत होता. घरी येताना अण्णा म्हणाले, "कोण तरी मशीन चालूच ठेवलं हुतं बघ." कुणीच ठेवलं नव्हतं. मी तसं सांगितलं. ते चालता चालता थांबले. बारीक, सलग, शाहू मिलचा भोंगा लई लांबून यावा तसा आवाज येतोय, म्हणाले, आत्ताही येतोय. कित्येक वर्षं त्यांना वाटत होतं की गावात कुठं तरी एक कारखाना रात्रंदिवस चालतो. तो आवाज त्यांच्या कानातला होता. सगळं गाव गप्प झालं तेव्हा कुठं त्यांना त्याचा पत्ता लागला.

मी छताकडं बघत पडले होते आणि एकेक गोष्ट जागेवर बसत होती. ज्या गाडीच्या आवाजानं मला लाज वाटत होती, ज्याच्यामुळं बोळातली पोरं वळून बघायची, तो आवाज अण्णांच्या ऐकण्याच्या टप्प्यात होता. किती तरी दिवसांनी एखादं इंजिन त्यांच्याशी बोलत होतं. "येतोय की आवाज. चांगला येतोय." त्यांना तो सायलेन्सर फुटल्याचा आवाज आहे हे कळत नसेल? ३२ वर्षं इंजिनं ऐकलेल्या माणसाला? मी हे त्यांना विचारलेलं नाही. मला विचारवत नाही. फट बुजवायलाच हवी होती, त्यात दुसरा विचार नाही. दसरा चौकातली ती हवा आईच्या फुप्फुसात परत जाऊ देणार नाही मी. तरीही चावी पुन्हा फिरवतानाचा तो हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सकाळी चहा घेताना मी त्यांच्या समोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि हळू बोलले. "अण्णा, मेस्त्री म्हणाले, आठवड्यातनं एकदा गाडी लांब काढा. पन्हाळ्याला जाऊया. तुम्ही चालवा."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "तू न्हाई म्हणालीवतीस."

"म्हणालो होतो. आता नाही म्हणत. मी शेजारी बसतो. मागचं मी ऐकतो."

आईनं लगेच डबा भरायला घेतला. बोळात अण्णांनी गाडी सुरू केली. आधी गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला, थरथर लागली, मगच चावीवरचा हात काढला. मग दार उघडून खाली उतरले, मागं गेले, एक हात डिकीवर टेकून वाकले आणि दुसरा हात पाइपच्या तोंडाशी धरला. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. हात वर करून त्यांनी मला दाखवला. तळहातावर थेंब चमकत होते. "पाणी हाय," म्हणाले, आणि मफलरच्या टोकाला हात पुसला.

शिवाजी पूल ओलांडला तेव्हा नदी खाली शांत होती, वर धुक्याचा पातळ थर. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड, करपट धूर रस्त्यावर उतरला होता. मी मागं कान लावून बसले होते. ट्रक आला की त्यांच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायची, एवढंच ठरलं होतं. केर्ली गेली. वाघबीळच्या चढाला मी नकळत वाट बघू लागले, आता आवाज बदलेल, आता ते गिअर टाकतील. आवाज मला बदललेला कळायच्या आधीच त्यांचा हात दांड्यावर गेला होता. तळवा पूर्ण टेकलेला, डोळे रस्त्यावर. दुसरा गिअर पडला. आईनं मागं डब्यातला तिळाचा लाडू फोडल्याचा वास आला.

वर तबक उद्यानापाशी त्यांनी गाडी झाडाखाली लावली, पण बंद केली नाही. उतरून मागं गेले. या वेळी बराच वेळ वाकून राहिले. मी उतरून जावं की बसून राहावं ते मला ठरवता येईना; आई म्हणाली, बस. मग ते माझ्या खिडकीपाशी आले आणि हात आत घातला, तळवा वर करून. गरम होता. रेषांत जुनं काळं बसलेलं, आणि वर काहीच नाही.

"कोरडं हाय बघ," अण्णा म्हणाले.